पावसाळी पुणे–पणजी निधी सायकलफेरी: मार्ग, सायकल, माणसं आणि थांबण्याचे नियम

घाटमाथा

नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २४ जणांची पुणे–पणजी सायकलफेरी ठरते आहे. घाटमाथ्यावरच्या गावांतल्या शाळकरी मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी एक नोंदणीकृत न्यास काम करतो, त्यासाठी हा निधी. उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर का नाही, असं बरेच जण विचारतात. या मुलींची पायपीट सगळ्यात अवघड होते ती याच दिवसांत, म्हणून फेरीही याच दिवसांत.

कच्चा आराखडा असा आहे, त्यावर मतं हवी आहेत.

पहिला दिवस पुणे–सातारा, साधारण ११० किमी. जुन्या कात्रज घाटाने बाहेर पडायचं आणि पुढे खंबाटकी. दुसरा दिवस सातारा–कराड–कोल्हापूर, सव्वाशेच्या आसपास. तिसरा दिवस कोल्हापूर–निपाणी–उत्तूर–आजरा, ८५ ते ९०. चौथा दिवस आजरा–आंबोली–सावंतवाडी, ६५. पाचवा दिवस बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजी, पुन्हा ६५च्या जवळपास. एकूण साडेचारशे किमी आणि हाताशी एक राखीव दिवस.

आजऱ्याचा मुक्काम मुद्दाम ठेवलाय. कोल्हापूरहून निघून त्याच दिवशी सावंतवाडी गाठायची म्हटलं, तर आंबोलीचा उतार दुपारनंतर येतो. पाय थकलेले, बोटं गारठलेली, धुकं दाट आणि धबधब्यापाशी गाड्यांची कोंडी. आजऱ्याहून सकाळी सहाला निघालं की नऊच्या सुमारास घाटाच्या तोंडाशी पोचता येतं. शनिवारी पुण्याहून निघालो तर आंबोली मंगळवारी येते, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दीही टळते.

निधीबद्दल आमच्या गटात दोन मतं आहेत. काहींना दर किलोमीटरमागे ठरावीक रुपये अशी देणगी हवी आहे, कारण लोकांना ती चटकन समजते. मला ते पटत नाही, पण आधी तुमचं ऐकायचंय.

आरी_रिम

आराखडा चांगला आहे. आधी सायकलीबद्दल बोलतो, कारण २४ सायकलींपैकी निम्म्या तरी कोरड्या रस्त्याच्या तयारीने येतील.

टायर: २५ मिमीचे असतील तर बदला. फ्रेममध्ये बसत असतील तर ३२, नाहीतर निदान २८. कोरड्यात जेवढी हवा ठेवता त्यापेक्षा पाच ते दहा पीएसआय कमी. ७५ किलोच्या माणसाला ३२ मिमी टायरला मागे ६० ते ६५ आणि पुढे त्याहून पाच कमी, एवढी पुरते. हवा फार कमी केली तर पाण्याखालच्या खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

पावसात पंक्चर वाढतात. ओलं रबर काचेने लवकर कापलं जातं आणि कचरा ओल्या टायरला चिकटून फेऱ्यामागून फेरे आत रुतत जातो. महामार्गावर सगळ्यात त्रास देते ती फुटलेल्या ट्रक टायरांतली केसासारखी बारीक तार. ती बाहेरून दिसत नाही. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, अडकेल तिथे तार आहे. चिमट्याने उपटा. ती न काढता नवी ट्यूब टाकली तर दहा किमीत तीही जाईल. पावसात पॅच लावत बसू नका, ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही. प्रत्येकाकडे दोन ट्यूब हव्यात आणि पॅचचं काम मुक्कामावर.

मडगार्ड पूर्ण लांबीचे, आणि मागच्याला जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत येणारा रबरी पडदा. हा पडदा तुमच्या मागच्या माणसासाठी असतो. तो नसेल तर मागच्याच्या डोळ्यांत आणि बाटलीच्या तोंडावर सतत रस्त्याचा चिखल उडतो, आणि त्यात शेणही असतं. पडदा नसलेल्या सायकलीला रांगेत शेवटची जागा द्या.

चेन: पावसाळी घट्ट तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं फडक्याने पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरून ठेवतं आणि तीच वाळू चेन व कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) झिजवते. संततधार असेल तर रोज संध्याकाळी चेन धुऊन, पुसून, नव्याने तेल. मेणाची चेन या फेरीला नको, दिवसभराच्या पावसात मेण निघून जातं आणि दुसऱ्या सकाळी चेनवर गंज दिसतो.

पाणंद

आरी_रिम, ब्रेकचंही लिहा. आंबोलीसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क ब्रेक नसलेल्यांना येऊच द्यायचं नाही का?

आरी_रिम

तसं नाही. रिम ब्रेकवाल्यांनाही, म्हणजे ज्यांचे ब्रेक पॅड चाकाच्या कडीवरच दाबतात त्यांनाही, येऊ द्या, पण त्यांची वेगळी तुकडी करा. ओल्या रिमवर पाण्याचा थर असतो. ब्रेक दाबल्यावर चाकाचे पहिले एक-दोन फेरे तो पुसण्यातच जातात आणि मग ब्रेक एकदम पकडतो. डिस्कवाल्यामागे रिमवाला लागला की पुढचा थांबतो आणि मागचा त्याच्यावर जाऊन आदळतो.

घाटात रिमवाल्यांनी वळण येण्याच्या बरंच आधी ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यायची, वेग सरळ रस्त्यावर कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून जायचं. पॅडमध्ये ॲल्युमिनियमचे चकाकते कण रुतलेले दिसले तर ते टोकदार सुईने काढा आणि पॅडवर एकदा सँडपेपर फिरवा. हे रोज रात्री. खरखर आवाज येत असताना तसंच चालवलं तर रिम खाऊन निघते.

डिस्कवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. सायकलीसोबत येणारे रेझिन (राळेचे, मऊ) पॅड ओल्या वाळूत फार लवकर झिजतात. एका पावसाळी घाटात अर्धा पॅड संपणं नवल नाही. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड आवाज करतात पण टिकतात. मात्र काही स्वस्त रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं, ते आधी वाचा. केबलवाल्या डिस्कमध्ये पॅड झिजला की लिव्हर हँडलला टेकायला लागतो, तेव्हा कॅलिपरवरचा स्क्रू फिरवून पॅड आत घ्यायचा. हायड्रॉलिकमध्ये ही झीज आपोआप भरून निघते, त्यामुळे पॅड संपत आल्याचं हाताला कळतच नाही. म्हणून डोळ्यांनी बघा. मसाला एक मिमीपेक्षा कमी दिसला तर बदला.

आणि नवे पॅड घाटाच्या माथ्यावर बदलू नका. नवा पॅड बसायला वीसेक वेळा, ताशी वीसच्या वेगावरून हळूहळू दाबावा लागतो. त्याआधी त्याची पकड अर्धीच असते. आजऱ्याच्या मुक्कामी बदला आणि तिथल्याच रस्त्यावर बसवून घ्या.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरच्या टप्प्यावर लिहितो. जुलैच्या शेवटी इथं पावसापेक्षा पुराचं बघावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष ही पातळी दिवसातून अनेकदा जाहीर करतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुणे–बंगळूर वाहतूक बंद पडली होती. कोल्हापुरात ऊन असलं तरी राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी वाढतं, त्यामुळं फक्त शहरातला पाऊस बघून ठरवू नका.

माझं म्हणणं असं: साताऱ्याहून निघायच्या सकाळी पातळी ३९च्या वर आणि चढती असेल तर कोल्हापूरला येऊच नका, कराडलाच थांबा. तुम्ही २४ जण आणि सोबतच्या गाड्या पुरात अडकलात तर ज्या बोटी आणि माणसं गावकऱ्यांसाठी हवीत ती तुमच्यामागं लागतील. पाणी उतरतं असेल तर मात्र फोन करून, रस्ता चालू असल्याची खात्री करून या.

निपाणी कर्नाटकात येतं हेही विसरू नका. पोलिसांना कळवायचं पत्र पुणे, सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा इतकंच नको, बेळगावलाही द्या.

थेंबथेंब

महामार्गावरच्या वाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. जुलैत वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. सातारा–कराड–कोल्हापूर या पट्ट्यात तो उजवीकडून, थोडा समोरून येतो. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे वारा आपल्याला सतत कडेबाहेर ढकलतो आणि आपण नकळत उजवीकडे झुकून चालवतो. उजवीकडून ट्रक आला की तो वारा एकदम अडवतो आणि झुकलेली सायकल ट्रककडे ओढली जाते. ट्रक गेला की वारा पुन्हा दणकन डावीकडे फेकतो. नवख्यांचे अपघात या दोन क्षणांत होतात. ट्रकचा आवाज जवळ आला की हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरा, कोपर वाकवा आणि सरळ व्हा. उंच रिमची चाकं आणू नका. पावसाळी पोंचो तर अजिबात नको, त्याचं शीड होतं.

वेगाची गणितंही यावर ठेवा. कोरड्यात ताशी २२ काढणारा गट इथे १६-१७ काढेल. सातारा–कोल्हापूर सव्वाशे किमी म्हणजे चालवण्याचेच साडेसात तास, थांबे धरून दहा. सहाला निघालात तर चारला पोचाल. सहाऐवजी आठला निघालात तर शेवटचे लोक अंधारात येतील.

वही_पेन्सिल

निधीचं लिहितो. ट्रस्टांचे हिशेब बघण्याचं काम करतो, त्यामुळे हे मुद्दे नेमके सांगता येतील.

देणगी थेट न्यासाच्या खात्यावर जाऊ द्या. फेरीच्या संयोजकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर एक रुपयाही नको. न्यास नोंदणीकृत असेल तर त्यांची पावती, त्यांचा पॅन, त्यांचं करसवलतीचं ८०जी प्रमाणपत्र. नोंदणी नसलेला गट स्वतः वर्गणी गोळा करणार असेल, तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावं लागतं, जसं गणेश मंडळं जातात.

रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नाही. शिवाय ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. हे दोन्ही देणगीच्या पानावर लिहा, नाहीतर मार्चमध्ये लोक तुमच्यावर चिडतील. पावती देतानाच देणगीदाराचा पॅन आणि पत्ता घ्या, कारण न्यासाला वर्षअखेरीनंतर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. २४ जणांनी आपापल्या वहीत नावं लिहून आणली आणि पॅन कुणीच घेतले नाहीत, तर न्यासाचा कारकून महिनाभर फोन करत बसतो.

परदेशातल्या नातेवाइकांकडून निधी घेणार असाल तर नीट बघा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस अमेरिकेत राहत असला तरी त्याची देणगी परदेशी ठरत नाही. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, मग ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी, त्यांचे पैसे परदेशी स्रोत धरले जातात. न्यासाची एफसीआरए नोंदणी (परदेशी निधी घेण्याची परवानगी) नसेल तर ते घेता येत नाहीत, आणि असेल तर ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. चुकून आलेली अशी देणगी न्यासाला फार महागात पडू शकते.

शेवटचा मुद्दा. फेरीचा खर्च, म्हणजे टेम्पो, मुक्काम, जेवण, टी-शर्ट, हे सगळं सहभागींच्या शुल्कातून. देणगीतून काहीही नाही. दोन वेगळे हिशेब, आणि फेरीनंतर दोन्ही जाहीर.

थेम्सकाठ

लंडनहून लिहितो आहे. घाटमाथा यांनी किलोमीटरमागच्या देणगीचं विचारलंय. माझं ठाम मत आहे की पावसाळी फेरीत ती नकोच. किलोमीटरला पैसे बांधले की सायकलस्वार जेव्हा थांबायला हवा, नेमका तेव्हाच पुढे जातो, कारण थांबलं तर मुलींच्या सायकली कमी होतील असं त्याला वाटतं. चांगल्या मनाची माणसं याला जास्त बळी पडतात.

इथल्या मोठ्या निधी फेऱ्या देणगी माणसाला जोडतात, अंतराला नाही. १० ऑगस्ट २०१४ला लंडन–सरे १०० मैलांच्या फेरीच्या दिवशी बर्था वादळाचा उरलेला पाऊस-वारा आला. आयोजकांनी सकाळीच फेरी ८६ मैलांची केली आणि लीथ हिल व बॉक्स हिल हे दोन्ही चढ काढून टाकले, कारण त्यांचे ओले उतार धोक्याचे होते. हजारो लोक त्या दिवशी कमी अंतर चालवून घरी गेले. अमेरिकेत १९८०पासून चालू असलेल्या पॅन-मास चॅलेंजमध्ये सहभागी आधीच किमान निधीची हमी देतो. रक्कम कमी पडली तर उरलेली त्याच्या कार्डवरून वळती होते. किती मैल झाले याच्याशी तिचा संबंध नाही.

तुमच्याकडे हमी वगैरे जड वाटेल, पण देणगीच्या पानावर पहिल्याच ओळीत एवढं लिहा की हवामानामुळे मार्ग कमी किंवा रद्द झाला तरी देणगी पूर्णच न्यासाला जाईल. आणि शेवटच्या दिवसाआधीच निधीची मुदत संपवा. निघण्याच्या आदल्या रात्री आकडा बंद झाला असेल तर आंबोलीच्या माथ्यावर निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात पैसा नसतो.

घाटमाथा

थेम्सकाठ, आदल्या रात्री निधी बंद करण्याची कल्पना फार उपयोगी आहे. हे आमच्या गटात ठरवून टाकतो. आता थांबण्याचे नियमही आधीच लिहून काढावेत असं वाटतं. आंबोली बंद पडली तर फोंडा घाट हा पर्याय ठेवावा का?

सह्यवारा

नाही, घाटमाथा. फोंडा, भुईबावडा, करूळ, आंबोली हे सगळे एकाच पावसाच्या पट्ट्यात येतात. ज्या ढगांनी आंबोलीत दरड पाडली तेच फोंड्यावरही असतात. शिवाय फोंड्याला वळायचं तर राधानगरीच्या बाजूने जावं लागतं, म्हणजे पाण्याच्या आणखी जवळ. एक घाट बंद तर दुसरा, हा विचार हिवाळ्यात चालेल. पावसाळ्यात पर्याय दोनच: राखीव दिवस वापरून आजऱ्यात थांबणं, किंवा तिथेच फेरी संपवणं. गाडीत बसून त्याच घाटातून उतरणं हाही पर्याय नाही, दरड सायकल आणि गाडी यांत फरक करत नाही.

हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यानुसार वाचा. आंबोलीसाठी सिंधुदुर्गाचा, आजऱ्यासाठी कोल्हापूरचा आणि त्यातही घाटक्षेत्राचा वेगळा दिलेला असेल तर तो. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, २०४.४ मिमीपर्यंत अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. आंबोलीत वर्षाला सात हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे तिथे शंभर मिमीचा दिवस नेहमीचा आहे. आकड्याने घाबरू नका, इशाऱ्याच्या रंगाप्रमाणे वागा.

माझा प्रस्ताव: पिवळा असेल तर ठरल्याप्रमाणे. नारिंगी असेल तर घाटाच्या दिवशी निघण्यापूर्वी आंबोली पोलीस दूरक्षेत्राला फोन, रस्ता मोकळा असेल तरच, आणि सगळे एकाच वेळी न उतरता सहा-सहाच्या तुकड्या दहा मिनिटांच्या अंतराने. तांबडा असेल तर कुणीही निघणार नाही, मग बाहेर ऊन पडलेलं असलं तरी. हा निर्णय एकाच माणसाने घ्यायचा आणि त्याने स्वतः सायकल चालवायची नाही, गाडीत असायचं. चालवणाऱ्याला कायम पुढे जावंसं वाटतं.

वाटेत फरशी पूल किंवा साकवावरून पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही. वीतभर खोल वाहतं पाणीही उभ्या माणसाचे पाय उचलतं. पाण्याखाली फरशी शाबूत आहे का, हे वरून कळत नाही.

विजांचं भय जुलै–ऑगस्टपेक्षा जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त असतं, पण आलीच तर झाडाखाली उभं न राहता पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

तळकोकण_वैद्य

वैद्यकीय बाजू. पावसात लोकांना थंडी, तहान आणि जखमा या तिन्हींचा अंदाज चुकतो.

थंडी: आंबोलीत जुलैत तापमान विशीच्या आसपास असतं. हे थंड नाही असं वाटेल. पण ओल्या अंगाने ताशी ३५-४०च्या वेगाने अर्धा तास उतरत राहिलं की शरीर फार लवकर गार होतं. आधी बोटं जातात आणि बोटं गेली की ब्रेक दाबता येत नाही. माथ्यावर गाडी उभी ठेवा. प्रत्येकाची प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कोरडी बनियन आणि वारा अडवणारं जाकीट गाडीत असू द्या, उतरण्याआधी बदलायला लावा. चहा घ्या, पण लगेच निघा, उभं राहून अंग आणखी गार होतं. कुणी थरथरत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा शर्टाची बटणं लावता येत नसतील, तर त्याला सायकलीवर बसवू नका. थरथर एकाएकी थांबली पण माणूस सुस्त झाला, तर तो बरा झालेला नाही, बिघडलेला आहे. ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळा आणि १०८ला फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे चालतो.

तहान: घाम येतो पण पावसात दिसत नाही आणि तहानही लागत नाही. घाट उतरल्यावर दाणोलीपासून पुढे हवा एकदम दमट आणि उबदार होते, तिथे पायांत गोळे येतात. तासाला अर्धा लिटर, तहान असो वा नसो. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर पोट बिघडतं. बाटलीचं तोंड झाकणारी टोपी हवी. खाण्यात तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे साधारण दोन केळी, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याची चिक्की. खजूर चालतो. वडापाव चढाआधी नको.

पाणी आणि जखमा: साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि आमच्या सिंधुदुर्गात तो दर पावसाळ्यात दिसतो. पायावर खरचटलेलं असेल तर जलरोधक पट्टी लावूनच पाण्यात पाय घाला. जखम झालेल्याने साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा, स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा. ते न सांगितल्याने निदान उशिरा होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही आधी बघा.

बसण्याच्या जागेची साल निघणं ही या फेरीतली सगळ्यात सर्रास तक्रार असेल. खोबरेल तेल तासाभरात धुऊन जातं. झिंक ऑक्साइडचं जाड मलम किंवा पेट्रोलियम जेली, आणि दुपारच्या थांब्यावर पुन्हा. शॉर्ट्सच्या तीन जोड्या हव्यात, कारण पावसाळ्यात धुतलेली जोडी दुसऱ्या सकाळी वाळत नाही.

पाणंद

बूट घालायचे की सँडल? आणि रेनकोटचं काय?

थेंबथेंब

सँडल, पण टाचेला पट्टा आणि बोटांपुढे रबर असलेल्या. बूट भरले की पाणी बाहेर जात नाही. क्लीटवाल्यांना (ज्यांचे बूट पेडलमध्ये अडकतात त्यांना) बूटच लागतात, त्यांनी मुक्कामी आतलं तळवं काढून वर्तमानपत्र कोंबावं आणि दोन तासांनी कागद बदलावा. पायांना रात्री बुरशीरोधक पावडर.

अंग कोरडं राहील अशा रेनकोटचा शोध सोडून द्या. चढावर जाकिटाच्या आत घामानेच भिजाल. जाकीट हवं ते वारा अडवण्यासाठी, काखेत चेन असलेलं, भडक पिवळं किंवा नारिंगी. सुती काहीही नको. चष्मेवाल्यांना हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली टोपी फार कामाची.

रस्त्यावर काय घसरतं हे सगळ्यांना निघण्याआधी एकदा सांगा: पांढरे जाड पट्टे, गतिरोधकाच्या रंगाच्या पट्ट्या, पुलांचे लोखंडी सांधे, गटारांची झाकणं, झाडांखालच्या कडेचं शेवाळ आणि सावंतवाडीनंतर रस्त्यावर वाहून आलेली तांबडी माती. यांवरून सरळ जा, ब्रेक नाही, वळण नाही. पाणी साचलेल्या जागी तळ दिसत नसेल तर वळसा घाला. वळसा घालताना मागच्याला हात दाखवून.

रांगेत कोरड्यासारखं चिकटून चालवायचं नाही. दोन सायकलींमध्ये निदान तीन सायकलींची जागा ठेवा. शेजारी-शेजारी कधीच नाही.

आरी_रिम

सोबतच्या टेम्पोबद्दल राहिलं. टेम्पो गटाच्या मागे ताशी पंधराने सरपटत नेऊ नका. महामार्गावर पावसात मागून येणाऱ्याला त्याचा वेग कळत नाही. टेम्पोने पुढे जाऊन दर २५-३० किमीवर रस्त्याबाहेर, पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर थांबावं. सगळ्यात मागे दोन अनुभवी सायकलस्वार, त्यांच्याकडे टॉर्च, फोन आणि गाडीचा नंबर.

टेम्पोत: उभा पंप, मागचं एक आणि पुढचं एक चाक, गिअरच्या आणि ब्रेकच्या आतल्या केबल, प्रत्येक प्रकारचे ब्रेक पॅड, वेगवेगळ्या गतींच्या चेनचे क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), चेन तोडायचं हत्यार, केबल टाय, कापडी टेप, रॉकेल, जुना ब्रश, भरपूर फडकी, ताडपत्री. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी पट्टी) मात्र प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे तो ज्याचा त्याने आणायचा. टेम्पोत कुठलाही एक ठेवून उपयोग नाही.

मुक्कामी सायकल आत न्यायच्या आधी सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करा. सीटनळीतून गेलेलं पाणी खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलच्या आसाच्या जागी) साठतं. पोस्टवर आधी टेपने खूण करा म्हणजे उंची पुन्हा तीच बसेल. दाबाच्या पाण्याने धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. बादली-मगा पुरेसा.

मागे दोन लाल दिवे, एक स्थिर आणि एक लुकलुकता. रांगेत असताना लुकलुकता बंद ठेवा, मागच्याचे डोळे दिपतात. पॉवरबँक झिपच्या पिशवीत. फोनचा चार्जिंगचा भाग ओला झाला तर बरेच फोन चार्जच होत नाहीत, म्हणून एकाच फोनवर नकाशा ठेवू नका. आजरा ते आंबोली मधल्या पट्ट्यात नेटवर्क जातं, नकाशा आधीच उतरवून घ्या.

पंचगंगाकाठ

खंबाटकीबद्दल एक. आजवर पुण्याहून येणाऱ्यांना घाटानंच चढावं लागायचं, बोगदा परतीच्या वाहनांचा. नव्या बोगद्यांमुळं तिथली वाहतूक बदलत राहणार, तेव्हा त्या आठवड्यात सायकलींनी कुठून जायचं ते महामार्ग पोलिसांकडून विचारून घ्या. १०३३ या हेल्पलाइनवरही रस्त्याची स्थिती कळते. सातारा ते कागल पट्ट्यात रुंदीकरणाची कामं जिथं चालू असतील तिथं सेवा रस्त्यावर चिखल आणि उघड्या सळया असतात. अशा जागी उतरून चालत जा.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच गटाशी बोललो. किलोमीटरमागची देणगी रद्द. निधी शुक्रवारी रात्री नऊला बंद होईल. न्यासाला एफसीआरए नोंदणी नाही, त्यामुळे परदेशी नागरिकांना तसं स्पष्ट कळवतो आहोत. थांबण्याचा निर्णय गाडीतल्या समन्वयकाचा, आणि त्यावर वाद घालायचा नाही असं सहभागाच्या अर्जावरच लिहून सही घेणार. देणगीच्या पानावरची ओळ अशी करतोय, बघा बरी वाटते का:

"हवामानामुळे ही फेरी कुठेही थांबू शकते. आम्ही पणजीला पोचलो किंवा कराडलाच थांबलो, तरी आपली संपूर्ण देणगी मुलींच्या सायकलींसाठीच जाईल."

वही_पेन्सिल

ओळ चांगली आहे. फक्त तिच्याखाली न्यासाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि फेरीचा खर्च सहभागी स्वतः करत आहेत हे वाक्य घाला. आणि सायकली कधी वाटणार, तो महिना लिहा. जूनमध्ये शाळा सुरू होते, या फेरीचा निधी जुलैअखेर जमा होतोय. सायकली ऑगस्टमध्येच दिल्या गेल्या तर त्याच पावसाळ्यात उपयोगी पडतील. न्यासाने दुकानदाराकडून दर आत्ताच ठरवून घ्यावेत, आणि दरात मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, कुलूप व जोडणी धरलेली आहे का ते लेखी घ्यावं.

आरी_रिम

त्यात पंप आणि पंक्चरचं सामान प्रत्येक शाळेला एक संच असंही धरा. वाड्यावस्त्यांवर पंक्चरचं दुकान नसतं. एका ट्यूबसाठी सायकल वर्षभर भिंतीला टेकून राहते.